डोक्याच्या घराण्यातली जनावरं

आमच्या आश्रुबा सरांना कुणी राम राम घातला की ते त्याला इंग्रजी शब्दांचं खानदान विचारतात. चहाचा कप तोंडाला लावलेल्या माणसाला, ‘चॅप्टर’ आणि ‘कॅप्टन’ यांचं नातं काय, असं विचारल्यावर तो काय सांगणार? त्याला ठसका लागतो. मग सर टेबलावर बोट आपटतात. "दोगं बी एकाच आईची. लॅटिनातलं ‘कापुट’. म्हंजे डोकं. मूळ बगत जा बे, मूळ."

शिरूर कासारच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. मी त्यांच्या हाताखालून गेलो आणि इंग्रजीत दोनदा नापास झालो. परीक्षेत शब्दाचा आजचा अर्थ विचारत होते, आणि सरांनी आम्हाला चारशे वर्षांपूर्वीचा शिकवला होता. हा राग माझ्या मनात अजून आहे, आधीच सांगितलेलं बरं.

पुढे मी गावच्या दूध संस्थेचा सचिव झालो. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली, विहिरींनी तळ दाखवला आणि संक्रांतीनंतर आमच्या संस्थेने माळावर चारा छावणी उघडली. नियम एकच, पण कडक. जनावराबरोबर मालकाने छावणीत राहायचं. मालक हजर नसेल तर दावणीला जागा नाही. नाहीतर कुणीही आपली भाकड गाय आणून बांधेल आणि खुशाल निघून जाईल. हा नियम मीच लिहिला होता, आणि त्याचा मला अभिमान होता.

पहिल्याच आठवड्यात सर नऊ गायी हाकत आले. मी नाव विचारलं, त्यांनी स्वतःचं सांगितलं, मी ते मालकाच्या रकान्यात लिहिलं. ज्याच्या अंगणात कधी शेळी दिसली नाही, त्याच्याकडे नऊ गायी आल्या कुठून, हे विचारायला हवं होतं. पण विचारलं की पुन्हा ‘मूळ’ सुरू होणार, या धास्तीने मी गायींच्या कानात बिल्ले मारून मोकळा झालो.

सरांना गाय बांधता येत नव्हती. रोज दोन तरी सुटायच्या आणि दुसऱ्याच्या वैरणीत तोंड घालायच्या. लोक माझ्या नावाने शिमगा करायचे. एकदा सरांना लाथ बसली, तर लंगडत माझ्याकडे आले. मला वाटलं, मलमपट्टी मागतील. म्हणाले, "दत्त्या, ‘कॅटल’ आन ‘कॅपिटल’ सख्खी भावंडं हायत. आदी ‘कॅटल’ म्हंजे नुसती जनावरं न्हवती. माणसाचं जे काय असंल ते समदं."

"सर, तुमचं ते समदं काल दुसऱ्याचा कडबा खाऊन बसलंय," मी म्हणालो. "आदी गाठ शिका."

शेवटी कुणीतरी कळ लावली. संस्थेच्या सभेत चेअरमननी सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तर, ह्या नऊ जनावरांत तुमची किती?"

सर कुणालाही तासभर पिळतील, पण खोटं बोलणं त्यांना जमत नाही. "एक बी न्हाई," ते म्हणाले. तेवढ्यावर बसावं की नाही? "पर एक सांगतो. ‘कॅटल’ हा शब्द डोक्याच्या घराण्यातला हाय. तुमचा ‘चेअरमन’ न्हाई. चेअरचं मूळ बगाल तर निस्ती बूड टेकायची जागा." लोक फिदीफिदी हसले, चेअरमन लाल झाले आणि ठराव झाला, उद्या सकाळी नऊही जनावरं छावणीबाहेर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठराव घेऊन मीच गेलो. माझं डोकं तापलेलं होतं. माझ्या छावणीत, माझ्या नियमाखाली, माझ्याच मास्तरने मला फसवलं होतं.

"कुणाची हायत ही? कावून फसवलं मला?"

"ही गयाची," सर एकेका गायीकडे हात करत म्हणाले. "ती बंकटची. पल्याडची शेषरावची. समदे उसाच्या कोयत्यावर गेलेत, पाडव्याला येतील. बैलं गाडीला जुपून नेली, ह्या मागं शेजारापाजारात राह्यल्या. संक्रांतीला वैरण सरली, तवा बाजार दावणार व्हते. मी म्हनलो, माझ्याकडं सोडा."

"पण तुमचं काय जातंय त्यात?" मी ओरडलोच.

सर गयाच्या गायीजवळ गेले.

"दिवाळी झाली की माझा निम्मा वर्ग कोयत्यावर जायचा. गया सहावीत पयली आलती. सातवीत तिचा बाप तिला न्यायला दारात आला, तवा मी फळ्याकडं तोंड करून ‘अचीव्ह’चं मूळ सांगत व्हतो. हातातलं काम डोक्यापातूर, म्हंजे तडीला नेणं. मला दिसलं व्हतं तो आलेला. मी वळलोच न्हाई. वळलो असतो तर त्याला अडवावं लागलं असतं."

एवढं बोलून ते वाकले आणि गयाच्या गायीचं दावं सोडू लागले. ठराव म्हणजे ठराव. कुठे नेणार, विचारलं, तर म्हणाले, म्हाईत न्हाई. समोर नुसता करपलेला माळ होता.

माझा राग गेला नाही. तो माझ्यावरच उलटला. ज्या तालुक्यातली माणसं दर दिवाळीला पोटासाठी परमुलखात जातात, तिथे ‘मालक हजर पाहिजे’ असा नियम लिहिणारा शहाणा मी! मी सरांच्या हातातून दावं ओढून घेतलं आणि गाय पुन्हा बांधली. तेवढ्यात चेअरमनचा फोन आला. "गेली का जनावरं?"

"न्हाई. आन जाणार बी न्हाईत. मालक म्हणून माझं नाव लिवा, न्हाईतर दुसरा सचिव बगा." मी फोन ठेवला.

सर गव्हाणीच्या कडेला टेकले. "गयाला फोन लावून देतो का? मला काय बोलावं ते सुचत न्हाई."

मी त्यांच्याच फोनवरून लावून दिला. पलीकडे उसाच्या फडातला गलका होता. गया विचारत होती, सर, गाय कशी हाय? सरांनी फोन माझ्या हातात दिला आणि गायीकडे तोंड करून उभे राहिले.

"सर, आवो सर," ती विचारत होती, "गाय गेली का माझी?"

"न्हाई बाई," मी म्हणालो. "हितंच हाय. सर हायत तिच्यापाशी."