सातव्याची नोंद

वाघमोडे काकांना चहा दिला की पहिला घोट आपण घ्यायचा असतो. आपल्या कपातला नव्हे, त्यांच्या. मी पहिल्यांदा त्यांना घरी बोलावलं तेव्हा त्यांनी हातातला कप तसाच माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मारा एक घोट." मला वाटलं, काय हा जिव्हाळा. मी घोट घेतला. काका चांगली दोन मिनिटं माझ्या तोंडाकडे बघत बसले. मला काही होत नाही अशी खात्री पटल्यावर उरलेला चहा त्यांनी बशीत ओतून पिऊन टाकला. माझ्या बायकोनं विचारलं, "उष्टं चालतं तुम्हाला?"

"उष्टं चालतंय," काका म्हणाले. "इख चालत न्हाय."

वाघमोडे काका एकतीस वर्षं तुरुंगात होते. नोकरीला. शिपाई म्हणून लागले आणि हवालदार होऊन निघाले. कुठल्या तुरुंगात, हे मी एकदा विचारलं, तर डोळे बारीक करून म्हणाले, "तुमाला कशाला पायजे?" मुलाखतीला आलेल्या नातेवाइकानं डबा आणला, तर आधी त्यालाच त्यातला घास खायला लावायचा, अशी तिथं त्यांची शिस्त. काका निवृत्त झाले, शिस्त झाली नाही. कडक भाकरी समोर आली की ते आधी तिचे दोन तुकडे करून आत काही लपवलंय का बघतात. शेंगाचटणीच्या बरणीत चमचा तळापर्यंत घालून फिरवतात. माझ्या घरच्या चटणीत त्यांना आजवर शेंगदाण्याशिवाय काही सापडलेलं नाही, याचं मला वाटतं त्यांना थोडं वाईटच वाटतं.

गाव त्यांचं सांगोल्याकडचं, वडील मेंढरं राखायचे. "बा रोज सांजंला मेंढरं मोजायचा, मी मानसं मोजली," ते सांगतात. "मेंढरू खोटं बोलत न्हाय, येवडाच फरक."

त्यांचं लाडकं वाक्य एकच: "लेखी हाय का?" नळाला उद्या पाणी येणार म्हटलं, की लेखी हाय का. डॉक्टर म्हणाले गुडघा आठ दिवसांत बरा होईल, तर डॉक्टरांनाही तेच. काकू सांगतात, काका पाहायला आले तेव्हा काकूंच्या मामांनी "पोरगी शांत हाय" असं म्हटल्यावर या तेवीस वर्षांच्या नवरदेवानं तोच प्रश्न विचारला होता. "मामानं लिवून दिलं न्हाय तेच बरं," काकू म्हणतात, "न्हायतर आज मला बोलता आलं नसतं."

इथवर सगळं गमतीचं. पण जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये गेल्या वर्षी एक भानगड सुरू झाली. काका रोज संध्याकाळी सहा वाजता फाटकाच्या आत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायला लागले, आणि त्यांच्या मांडीवर एक लांबट वही आली. फाटकाबाहेर आमच्या सोसायटीचा एक दगडी बाक आहे. रिक्षाची वाट बघणारे, पार्सलवाले, कुलूप असलेल्या घरी आलेले पाहुणे, असे कोण कोण त्यावर टेकतात. कोणी टेकलं, की काका उठून जायचे, काहीतरी विचारायचे आणि वहीत लिहायचे. आम्ही जवळ गेलो की वही मिटायची.

चेअरमन बिराजदारांच्या सासूबाई माढ्याहून आल्या तेव्हा घरात कोणी नव्हतं. त्या बाकावर बसल्या. काकांनी त्यांना नाव, गाव आणि कोणाची वाट बघताय ते विचारलं आणि लिहून घेतलं. सासूबाईंनी जावयाला विचारलं, दारात पोलीस बसवण्यासारखं तुम्ही काय केलंय. त्यानंतर बिराजदार माझ्याकडे आले.

"सर, हा माणूस आपल्यावर पाळत ठेवतो. कोण किती वाजता येतं, कोणाकडे कोण येतं, सगळं त्या वहीत आहे. रविवारी अकरा वाजता मीटिंग लावतोय. ती खुर्ची उचलायची म्हणजे उचलायची. तुम्ही पेपरातले, गोड बोलून आधी वही बघून घ्या."

मी तयार झालो, त्यात सोसायटीचं हित फारसं नव्हतं. मागच्या मंगळवारी ऑफिसात बैठक आहे असं घरी सांगून मी मित्राकडे कॅरम खेळत बसलो होतो. ते त्या वहीत आहे की नाही, हे मला बघायचं होतं.

मी एका स्थानिक दैनिकाच्या रविवार पुरवणीत सिनेमाची परीक्षणं लिहितो. त्या शुक्रवारी एक परदेशी चित्रपट हिंदी आवाजात लागला होता. कॉमिक्समधले सात नामचीन खलनायक सरकार तुरुंगातून बाहेर काढतं आणि जग वाचवायला पाठवतं, अशी गोष्ट. वहीचा विषय काढता येईल म्हणून मी काकांना चला म्हटलं, आणि तुरुंग म्हटल्यावर ते लगेच आले. मल्टिप्लेक्सच्या दारात रखवालदारानं त्यांची वरवर झडती घेतली आणि पुढे जायला सांगितलं. काका हललेच नाहीत. "काखंत बगितलं न्हाय तुमी," ते म्हणाले. "चपला काडायला लावा की. ही झडती हाय व्हय?" मागची रांग दारापर्यंत गेली होती. शेवटी त्या बिचाऱ्यानं त्यांच्या दोन्ही काखा बघितल्या, तेव्हा काका आत आले.

सिनेमा फार वाईट होता, हे मला आज कळतं. तेव्हा मी निम्मा वेळ डुलक्या घेत होतो. पहिला अर्धा तास एकेका खलनायकाची ओळख, प्रत्येकाला वेगळं गाणं. एक बाई गांधीलमाश्या पाळणारी, एकाच्या अंगावर काटे, एक शॉक देणारा, आणखी तिघे कोण होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि सातवा एक काटकुळा माणूस, जो नुसता हात लावून कुठलंही कुलूप उघडायचा. जगावर जे संकट आलं होतं ते यांना सोडणाऱ्या साहेबीणबाईंनीच आणलेलं निघालं. अर्ध्या दिवसाची ओळख असलेले हे लोक शेवटी एकमेकांच्या गळ्यात पडून "आपण एक कुटुंब आहोत" म्हणत रडले. सगळं अंधारात, आणि आवाज असा, की डुलकीसुद्धा धड लागू नये.

काका मात्र टक्क जागे होते. माझ्या कानाशी त्यांचं चालूच होतं. "ह्येंला सोडायचा हुकूम कुटाय? गेट रजिस्टरवर सही न्हाय. सातजणांला येकाच बराकीत कोन ठेवतं? आन् कुलूप उघडनाऱ्याला कुलपात ठेवलाय, शाने." खलनायकांना त्यांची हत्यारं परत दिली तेव्हा काका अर्धे उठलेच. "जमा केलेलं सामान देताना पावती न्हाय?"

मध्यंतरात मी विचारलं, "कसे वाटले खलनायक?"

"ह्ये गुन्हेगार न्हायत," ते ठामपणे म्हणाले. "गुन्हेगार येवडं बोलत न्हाय. आत राहिलेला मानूस लई हळू बोलतो."

परीक्षणं लिहून माझी इतकी वर्षं गेली, पण त्या सिनेमाबद्दल याहून खरं वाक्य मला सुचलं नसतं.

सिनेमा संपला. दिवे लागले, लोक निघाले. काका बसूनच राहिले. पडद्यावर नावं सरकत होती आणि ते बोटांवर मोजत होते. "सायेब, सात गेलते. सा परत आले. सातवा कुटंय?"

"मेला असेल."

"मेला आसंल तर दाखवाय पायजे हुतं. पंचनामा न्हाय, काय न्हाय. त्या मनोऱ्याच्या पायरीवर त्याला म्हनले, तू हितंच थांब, आमी येतो. दार त्यानंच उघडून दिलतं. त्यो थांबला. ह्ये मागल्या बाजूनं उडी मारून गेले." झाडूवाला येऊन उभा राहिला तरी ते पडद्याकडे बघत होते. वहीचा विषय काढायची ती वेळ नव्हती.

शनिवारी मी परीक्षण लिहिलं. तीन तारे दिले, नेहमीप्रमाणे. रविवारी सकाळी नऊ वाजता वाघमोडे काका पेपर घेऊन दारात उभे. मी चहा मागवला, त्यांच्या कपातला घोट घेतला. त्यांनी त्या दिवशी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. पेपरावर बोट ठेवून म्हणाले, "सगळं लिवलंय तुमी. सातव्याचं कुटं लिवलंय?"

"काका, सिनेमा आहे तो. बनवणारे विसरले असतील."

"इसरले, व्हय. त्येच म्हंतोय मी."

मग त्यांनी ती वही पिशवीतून काढली आणि आपण होऊन माझ्यासमोर उघडली. मी आधी मंगळवार शोधला, हे कबूल करतो. मंगळवारी माझं नाव नव्हतं. सोसायटीतल्या कोणाचंच नाव कुठल्याही पानावर नव्हतं. पाच रकाने होते: नाव, गाव, कुणाची वाट, कोण आलं, किती वाजता. सगळे बाकावर बसलेले लोक. बिराजदारांच्या सासूबाई होत्या, आणि त्यांच्यापुढे "जावई, ७.१०". जेऊरच्या एका म्हाताऱ्यापुढे लिहिलं होतं, "कोणी आलं नाही. घरी नेऊन जेवू घातलं. मग भाचा, ८.२०". एका बाईपुढे, "रिक्षात बसवून दिली, रिक्षाचा नंबर घेतला".

पहिल्या पानावर एकच नोंद होती. शिवण्णा. वळसंग. भावाची वाट. पुढचे दोन रकाने कोरे.

"हा कोण?" मी विचारलं.

 काका इतक्या हळू बोलायला लागले, की मला पुढे वाकावं लागलं.

"सुटला हुता त्यो. सकाळी धा वाजता. शिक्षा पुरी झाली, रजिस्टरला सही झाली, टोटल बरोबर. भाईर लिंबाखाली गठुडं घिऊन बसला. मी गेटवर. दुपार झाली तरी बसलेलाच. मला संशय. म्हनलं, ह्यो भिताडावरनं आत काय तर टाकनार. जाऊन म्हनलं, ऊठ. तर म्हने, अण्णा बरतान. भाऊ येतोय त्याचा. मी म्हनलं, लेखी हाय का? न्हवतं. उटवला मी त्याला. म्हनला, मग जाऊ कुटं सायेब? मी म्हनलं, ते माज्या रजिस्टरात न्हाय."

"मग?"

"गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आला. पत्रात तारीक येक दिस पुढची पडलीती. नवा सदरा आनलाता, भाकरी बांधून आनल्यात्या. मला म्हनला, शिवण्णा कुटंय? आन् मी... मी भाकरी मोडून बगितली सायेब. सवय. आत काय आसनार. भाकरीच. त्यानं ते तुकडं परत फडक्यात बांधले."

शिवण्णा घरी पोचला नाही. काका सुट्टीच्या दिवशी दोनदा वळसंगला जाऊन आले होते. त्याला कोणी शोधलं नाही, कारण कागदावर तो हरवलाच नव्हता.

"आत किती, ते सगळे मोजत्यात," काका वही मिटत म्हणाले. "भाईर बसलेला कोन मोजतंय?"

ते गेल्यावर मी तो पेपर घडी करून ठेवून दिला. तीन ताऱ्यांची मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त लाज मंगळवार शोधल्याची.

अकरा वाजता मीटिंगमध्ये मी सांगितलं, की वहीत आपल्यापैकी कोणाचंही काही नाही. तिथं बाहेर बसलेल्यांची नोंद आहे, कोणी चुकून राहू नये म्हणून. बिराजदारांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "नक्की? लेखी द्याल?" सोसायटीच्या लेटरहेडवर मी तीन ओळी लिहून सही केली. बिराजदारांनी ती दोनदा वाचली, आणि खुर्ची राहिली.

संध्याकाळी भाजी घेऊन परत आलो तेव्हा काका फाटकाशी बसले होते. बाक रिकामा होता. मीटिंगबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. वही मात्र उघडी होती, आणि शेवटी शुक्रवारच्या तारखेची, सकाळी नसलेली एक नोंद होती, ती मला उभ्याउभ्याच दिसली. नाव: ठावं न्हाय, कुलूपवाला. गाव: सिनेमा. वाट: बाकीच्या सहांची. पुढे कोरं.

मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हणालो, "काका, त्या सातव्याचं कळलं. ऑफिसात बातमी आलीय. पुढच्या भागात त्याला घ्यायला येतात."

अशी कुठलीही बातमी आलेली नव्हती. तो सिनेमा इतका आपटला होता, की पुढचा भाग निघण्याचीच शक्यता नव्हती. काकांनी मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं, चहाचा घोट घेतल्यावर बघतात तसं, आणि बराच वेळ बघत राहिले. आता येणार तो प्रश्न, म्हणून मी उत्तर जुळवत होतो.

"कोन येतंय?" त्यांनी विचारलं.

"भाऊ," मी म्हणालो.

काकांनी शर्टच्या खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि चौथ्या रकान्यात सावकाश लिहिलं. लेखी आहे का, ते त्यांनी विचारलं नाही.