येता का हो, बाई?

टोस्टरनं खटकन पाव उडवला आणि घरातली शांतता मोडली. त्या आवाजासरशी पाच वर्षांची ब्रिटा अंथरुणातून थेट टीव्हीसमोर!

"आजी, मेबल!"

झालं! आर्डिसनं कपाळाला हात लावला आणि नातीशेजारी सोफ्यावर बसली. मेबल म्हणजे कार्टूनमधली पिवळीधम्मक, बडबडी बस. उन्हाळाभर ब्रिटाला रोज तीच हवी, आणि तीही एकटीनं बघायची नाही. आजी शेजारी नसेल तर मेबलचं इंजिन सुरूच होत नाही, असा तिचा पक्का समज!

आज आर्डिसची बसचालकाची परीक्षा होती. मिनेसोटातल्या त्यांच्या गावच्या शाळेला चालक हवा होता आणि सोमवारपासून ब्रिटाची शाळा सुरू व्हायची होती. 'पहिल्या दिवशी तुझी बस मीच आणणार,' असा शब्द आजी नातीला देऊन बसली होती.

"अभ्यास झाला का?" नवऱ्यानं, वर्लिननं, पावाला लोणी फासत विचारलं.

"मला विचारतोस? मक्यानं भरलेला ट्रक मी चालवायचे, तेव्हा तू शेजारी बसून देवाचा धावा करायचास!"

"तुझं चालवणं बघूनच करायचो!"

अभ्यास झाला होता हो, पण सगळा मेबलच्या सोबतीनं. मांडीवर नियमांचं पुस्तक, समोर टीव्ही. ओल्या साबणाचे दोन तुकडे साबणदाणीत चिकटून एक होतात ना, तसं पुस्तक आणि मेबल आर्डिसच्या डोक्यात एक झालं होतं. हे तिला कळलं ते थेट परीक्षेत!

परीक्षक ओडेगार्डसाहेबांचा चेहरा जानेवारीतल्या गोठलेल्या तळ्यासारखा. वर ट्रक उभा केला तरी तडा जायचा नाही!

"निघण्याआधी बसचा एकेक भाग हात लावून दाखवा. काय तपासता ते मोठ्यानं सांगा."

आर्डिस पुढच्या चाकाशी वाकली, तिनं तोंड उघडलं आणि बाहेर पडली मेबल!

"सुप्रभात, चाकोबा! पोटभर हवा आहे ना? नट सैल नाहीत ना?"

"कुणाशी बोलताय?"

"चाकाशी... म्हणजे तुमच्याशी, साहेब!"

"मी चाक नाही. पुढे."

पुढे काय, कर्म! "दिवेताई, डोळे उघडा! आरसेकाका, मान वळवा!" आर्डिसचे कान बीटासारखे लाल झाले. थांबावं तर पुढचं आठवेना, मेबलच्या चालीत म्हटलं की घडाघडा आठवे! संकटकाळच्या दाराशी तर तिनं मेबलसारखी गिरकीसुद्धा घेतली. साहेब कागदावर खुणा करत होते. बऱ्या की वाईट, ते त्या तळ्याच्या तळाशी!

बस रस्त्याला लागली आणि रेल्वेचे रूळ आले. इथं शाळेच्या बसनं थांबायचं, दार उघडायचं आणि आगगाडी येतेय का ते कान देऊन ऐकायचं. मुकाट्यानं! पण मेबल मुकाट्यानं ऐकते होय? ती आगगाडीबाईंना हाक मारते, आणि तीही तीनदा.

दार उघडलं. आर्डिसच्या तोंडून निघालंच, "येता का हो, बाई?"

दाराबाहेर, रस्त्याच्या कडेला, हातात डबा घेऊन गावातल्या गुंडाबाई टॉलेफसन उभ्या होत्या!

"अगं, नको नको! इथं चर्चपर्यंत तर जायचंय."

आर्डिसनं जीभ चावली. पण उन्हाळाभराची सवय! "येता का हो, बाई?"

"छे! तुझा खोळंबा कशाला?"

आता तरी गप्प बसावं! पण तिसरी हाक मारल्याशिवाय मेबल कधी रूळ ओलांडतच नाही. "येता का हो, बाई?"

त्या गावात पहिल्या बोलावण्याला 'हो' म्हणणं म्हणजे हावरटपणा आणि दुसऱ्याला म्हणणं म्हणजे उतावीळपणा. तिसऱ्याला 'नाही' म्हणणं मात्र चक्क अपमान!

"आता एवढा आग्रह करतेस, तर मोडवत नाही बाई!" म्हणत गुंडाबाई चढल्या आणि साहेबांच्या मागच्या बाकावर ऐसपैस बसल्या.

"बाई, इथं परीक्षा चालू आहे," साहेब म्हणाले.

"चालू दे की! मी आवाज करणार नाही."

साहेबांनी उघड्या दाराकडे पाहिलं. तीनदा बोलावलेल्या माणसाला उतरवायचं कसं? तेही इथलेच की!

गुंडाबाईंनी डबा उघडला. "वडी घ्या. लिंबाची आहे."

"नको."

"घ्या हो!"

"कामावर आहे मी."

"एकच!"

साहेबांनी घेतली.

गुंडाबाईंना चर्चपाशी सोडून बस परत आवारात आली. साहेबांनी कागद मिटला. "एकही भाग चुकला नाही. चालवलीतही झकास. पण परीक्षेत प्रवासी घेतलात. नापास!" त्यांच्या मिशीला पिठीसाखर लागली होती. "शुक्रवारी परत या. बाईंना न घेता."

घरी सगळं ऐकून वर्लिन इतका हसला की कॉफी त्याच्या नाकातून आली.

"हस! शुक्रवारी पास झाले नाही, तर सोमवारी या पोरीला तोंड कसं दाखवू?" आर्डिस कडाडली. "तोवर या घरात मेबल बंद!"

ब्रिटाचा ओठ थरथरला. पण ती रडली नाही. आजीच्या मांडीवर चढून बसली आणि तिनं विचारलं,

"आजी, मेबल तर रोज तीनदा विचारते. मग तिला कुणी नापास का नाही करत?"