हिरव्या रेघेचा चिकू

चिकू चिप्सच्या पाकिटावरचं चित्र आपणच काढायचं, असं विनोदरावांनी ठरवलं आणि तिथेच घात झाला. (त्यांना चित्र काढता येत होतं, हीच अडचण. येत नसतं तर गुमान छापखान्यात गेले असते.)

नरपडच्या घरी सुषमाताईंनी चिकू वाळवून, चाखून, फेकून एकदाच्या मनासारख्या चिप्स जमवल्या होत्या. परवा तलासरीला बचत गटांच्या प्रदर्शनात त्यांचा पहिलावहिला स्टॉल लागणार होता. पाकीट बरं दिसलं नाही, तर जावा जन्मभर ऐकवणार होत्या.

विनोदराव मात्र भलत्याच आनंदात होते. तरुणपणी ते एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात पाइपांची चित्रं काढत. तिथे एक ग्राफिक्स टर्मिनल होतं. त्याच्या काळपट पडद्यावर हिरवी रेघ सरसर उमटायची. त्या खोलीत चपला काढून जावं लागे. एखादी रेघ चुकली तर तेवढीच पुसता येत नसे. अख्खा पडदा पुसून पुन्हा श्रीगणेशा! ते मशीन भंगारात गेलं, त्या दिवशी विनोदराव जेवले नव्हते. आता त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम त्यांना इंटरनेटवर सापडला होता. लेकीचा, म्हणजे शितलचा, लॅपटॉप टीव्हीला जोडून ते बसले. (चपला बाहेर काढून. स्वतःच्याच हॉलच्या.)

"देठ वाकडा आलाय," सुषमाताई म्हणाल्या.

विनोदरावांनी बटण दाबलं. पडदा हिरवागार लखलखला आणि चिकू गायब.

"अहो, अख्खा कशाला पुसलात?"

"तसंच असतं ते. अस्सल आहे."

अस्सलपणापायी दुपार गेली. शेवटी एक चिकू देठापानासकट उभा राहिला. विनोदरावांचे डोळे पाणावले.

"बाबा, आता स्क्रीनशॉट घ्या," शितल म्हणाली.

"त्या मशीनला कुठला स्क्रीनशॉट? आमचे साहेब काळं कापड टाकून पडद्याचा फोटो काढायचे. सुषमा, तुझी संक्रांतीची चंद्रकळा दे."

"टीव्हीवर टाकायला? हात तर लावून बघा!"

मग कापडाशिवायच मोबाइलवर फोटो निघाला आणि तलासरीला प्रविणच्या छापखान्यात गेला.

पाकिटं घेऊन प्रविण आला तो थेट स्टॉलवर. काळ्या पाकिटावर हिरवा चिकू होता. चिकूच्या पोटात, मोबाइल उंचावून, बनियनमधला एक ढेरपोट्या माणूस उभा होता. टीव्हीच्या काचेत पडलेले साक्षात विनोदराव!

"प्रविण, हे काय रे?" सुषमाताईंचा आवाज रडवेला झाला.

"काकाच ना ते? मला वाटलं, मालकाचा फोटो मुद्दाम टाकलाय. जरा पुसट होता, मी उजळ केला."

"चंद्रकळा दिली असतीस तर..." विनोदरावांनी तोंड उघडलं आणि बायकोकडे बघून मिटलं.

इतक्यात सीमेपलीकडून, गुजरातेतून आलेल्या एका बाईंनी पाकीट उचललं. "आ काका तो मस्त छे!" त्या खो खो हसल्या आणि पिशवीभर घेऊन गेल्या. मग बनियनवाल्या काकांच्या चिप्स बघायला गर्दी झाली. संध्याकाळी स्टॉल रिकामा होता आणि जावा पाकिटं मागत होत्या. सुषमाताईंनी लाडाने नवऱ्याच्या हातावर शेवटची चिप ठेवली. विनोदरावांना कृतकृत्य वाटलं. शेवटी आपली रेघच कामी आली म्हणायची!

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते पुन्हा पडद्यासमोर बसले. नवा चिकू आणखी सुबक काढायचा होता. आतून सुषमाताईंचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं.

"हो प्रविण, पाकीट तेच. फक्त ते हिरवं चित्र काढून टाक आणि नुसते काका राहू देत. लोक विचारत होते, बटाट्याचे वेफर्स आहेत का म्हणून!"