वादमुक्त वाडीचा एकुलता एक वाद

मुखेड तालुक्यातल्या एका वाडीत एकही भांडण नव्हतं, आणि त्यामुळे प्रशासन अडचणीत आलं होतं. 'वादमुक्त गाव, शांत जग' या मोहिमेत मिटवलेल्या प्रत्येक वादाला गुण होते. न झालेल्या वादाला गुण द्यायची तरतूदच नव्हती.

म्हणून ग्रामसेवक सुदर्शन नागप्पाच्या ओसरीवर येऊन बसला. शेजारी चन्नबसप्पा होताच. दोघांची शेतं एका धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून, आणि चाळीस वर्षं दोघांत तंबाखूची चंची एकच.

"मामा, एक भांडण पाहिजे होतं," सुदर्शन म्हणाला. "शनिवारी तालुक्याच्या साहेबांसमोर मिटवून टाकू. जगात युद्धं का होतात, त्याचं मूळ कारण वरचे लोक शोधून राहिलेत."

"पर आमी कशापायी भांडावं?" नागप्पानं विचारलं.

"कारणाचा रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढं जात न्हाई. धुरा लिहितो."

गावाच्या भल्यासाठी दोघं तयार झाले. सुदर्शननं स्वतःच्या हातानं धुऱ्यावरचा खुणेचा दगड वीतभर चन्नबसप्पाच्या रानात सरकवला आणि मोबाइल रोखला. चन्नबसप्पानं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "नागप्पा, तू माझं रान खाल्लंस!"

"लई भारी!" सुदर्शन म्हणाला. "एकदम खरं वाटलं."

घरी जाताना नागप्पाच्या डोक्यात तेच घुमत राहिलं. इतकं खरं वाटलं, म्हणजे ते याच्या पोटात आधीपासूनच असणार. चाळीस वर्षं दाबून ठेवलं बेट्यानं! दुसऱ्या दिवशी त्यानं चंची पुढं केली नाही. चन्नबसप्पानंही मागितली नाही, कारण त्याच्या बायकोनं, सुमनबाईनं, सकाळीच विचारलं होतं, "दगड अजून आपल्याच रानात कसा हाय वो?"

दगड परत ठेवायचं राहूनच गेलं होतं. आता नागप्पानं तो सरकवला तर चोरी कबूल केल्यासारखं होणार, चन्नबसप्पानं सरकवला तर अतिक्रमण. सुदर्शननं सरकवला असता, पण फोटो अपलोड झाल्यामुळे दगड आता पुरावा होता आणि पुराव्याला हात लावायला वरून परवानगी लागत होती.

शनिवारपर्यंत वाडीची दोन गावं झाली. पिठाच्या गिरणीत दोन रांगा लागल्या. महादेवाच्या देवळाला दुसरं दार काढण्यात आलं. नंदी एकच असल्यामुळे त्यानं सम तारखांना कुठल्या दाराकडे पाठ करावी, यावर ग्रामसभेत खुर्च्या उडाल्या. अशी एकूण सत्तेचाळीस भांडणं साहेबांनी सह्या घेऊन कागदावर मिटवली. वाडी तालुक्यात पहिली आली. सन्मानपत्राच्या दोन प्रती काढाव्या लागल्या.

जाताना साहेबांनी नागप्पाला त्याच्या रानात गाठलं. "आजोबा, शेवटचा रकाना राहिलाय. भांडणाचं मूळ कारण काय?"

नागप्पानं धुऱ्याकडे पाहिलं. दगड एका हातानं उचलण्याएवढा होता. पलीकडे चन्नबसप्पा एकटाच बसला होता, तंबाखूशिवाय. नागप्पाला फार वाईट वाटलं. उठून जावं, चंची त्याच्या हातात द्यावी, असं मनापासून वाटलं.

"आधी त्यानं बोलावं," तो म्हणाला.

साहेबांनी 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलं आणि जीपमध्ये बसले.

हसू आलं ना? येऊ द्या. पण ज्याच्या दारावरून तुम्ही इतकी वर्षं मान वळवून जाता, त्याच्या आणि तुमच्या नावाचाही एक फॉर्म सुदर्शनच्या पिशवीत आहे. बाकी सगळा भरलेला आहे. मूळ कारण तेवढं आठवून सांगा.