बाईंनी अर्ज मागे घेतला

खांबेटेकाका फेब्रुवारी-मार्चमध्ये गाडीत हीटर लावू देत नाहीत. गाडी माझी, पेट्रोल माझं, गोठणारे गुडघेही माझेच. पण मागच्या सीटवर पट्टे लावून त्यांच्या कुंड्या बसलेल्या असतात. ऊब लागली की त्यांची फुलं वेळेआधी उमलतात आणि प्रदर्शनात परीक्षक समोर येईपर्यंत माना टाकतात. म्हणून बर्मिंगहॅमहून निघालेली आमची गाडी दोन बोटं काच उघडी ठेवून धावते आणि मी आईनं विणलेली माकडटोपी घालून स्टिअरिंगला चिकटलेला असतो. एकदा सिग्नलला शेजारच्या गाडीतला पोलीस माझ्याकडे बराच वेळ बघत होता. काकांनी काच आणखी खाली करून त्याला गुड मॉर्निंग केलं.

"थंडीनं कोणी मरत नाही, अवी," ते मला समजावतात. "पाण्यानं मरतं."

हे झाडांबद्दल असतं. माझ्या सायनसबद्दल त्यांचं काही मत नाही.

काका आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. मूळचे सांगलीचे, इथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर म्हणून रिटायर झाले. जन्मभर माणसं झोपवली, आता झाडं जागवतो, असं स्वतःच सांगतात. बागकामाशी त्यांचा संबंध एका पावसामुळे आला. एका शनिवारी आडोशाला म्हणून ते एका शाळेच्या हॉलमध्ये शिरले. जुन्या वस्तूंचा सेल असेल असं त्यांना वाटलं होतं. आत लांबलचक टेबलांवर काळं कापड, त्यावर मातीच्या कुंड्या आणि प्रत्येक कुंडीत आल्प्सपासून हिमालयापर्यंतच्या डोंगरमाथ्यांवरचं एकेक बुटकं झाड. म्हातारी इंग्रज माणसं गुडघ्यांवर बसून भिंगातून ती बघत होती. "देवळात गेल्यासारखं वाटलं," काका म्हणतात. "फक्त कोणी पैसे मागत नव्हतं."

डोळ्यांत काचबिंदू झाल्यापासून त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि मी सारथी झालो. मला झाडांतलं शून्य कळतं. बँकेच्या कॉम्प्युटरवर दिवस काढणारा माणूस मी, घरातला मनीप्लांटसुद्धा माझी बायको मीनल माझ्यापासून लांब ठेवते. पहिल्याच प्रदर्शनात मी एका हिरव्यागार गोल उशीकडे बोट दाखवून विचारलं, "हे शेवाळ कशाला मांडलंय?" आसपासच्या कोणाला मराठी येत नव्हतं म्हणून वाचलो. काका परतीच्या वाटेवर निम्म्या रस्त्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. "फुलावर जाऊ नकोस. फूल म्हणजे लग्नातली साडी. बाईचे नाकडोळे बघ." म्हणजे पानं बघायची. पानाच्या कडेला विड्याला चुना लावावा तसे पांढरे ठिपके दिसले की सॅक्सिफ्राज. जांभळ्या घंटेला झालर असली की सोल्डानेला, ती बर्फ वितळवत वर येते. आणि ज्याला मी शेवाळ म्हणालो ती डायोनिशिया, इराणच्या कड्यांवर कपारीत वाढणारी. मुंगीच्या डोक्याएवढी पानं दाटीवाटीनं बसून तिची उशी होते आणि वसंताच्या तोंडाशी ती पिवळ्या फुलांनी अशी भरते की खालचं पान दिसत नाही.

परीक्षणाच्या वेळी मालकांना हॉलबाहेर काढतात. आत ब्लेझर घातलेले परीक्षक टॉर्च घेऊन फिरतात आणि आम्ही कॅन्टीनमध्ये मुलगी दाखवायला घेऊन आलेल्या बापांसारखे बसून राहतो. काका डब्यातून कांदेपोहे काढतात. मुलीकडच्यांनीच पोहे खायचे ही पद्धत जगात तेवढ्या एका ठिकाणी असेल. ही मंडळी दर वर्षी कमी होतात. सुरुवातीला एकजण त्या वर्षात वारलेल्यांची नावं वाचतो, सगळे उभे राहतात, मग खुर्च्या सरकतात आणि चहा येतो. टेबलंही आता पूर्वीपेक्षा कमी मांडतात.

काकांकडे एक डायोनिशिया होती. बी त्यांना अशाच एका गेलेल्या मित्रानं दिलं होतं, लेकीच्या लग्नाच्या वर्षी पेरलेलं. ती लेक आता मेडनहेडला असते आणि दर रविवारी फोनवर, आईसाठी एखादं केअर होम बघूया का, असं विचारते. काका तेवढ्यापुरते बहिरे होतात. झाड मात्र पुरणपोळीएवढं झालं, कुठे खाच नाही, खळगा नाही. काका तिला 'बाई' म्हणत. प्रदर्शनातल्या सर्वोत्तम झाडाला मिळणारं पदक त्यांना कधीच मिळालं नव्हतं आणि डोळे असेच जात राहिले तर पुढच्या वर्षी त्यांना बाई दिसल्याही नसत्या. दिवाळीच्या फराळाला त्यांनी जाहीर केलं, "यंदा बाई उभ्या राहतायत." आमच्या गल्लीत निवडणुकीचंच वातावरण झालं.

बाईंचे नियम कडक होते. कुंडी ग्रीनहाउसमधल्या वाळूत अर्धी पुरलेली. पाणी द्यायचं ते वाळूला, तेही बेतानं. पानावर थेंब पडला की आतून कुजलीच. एकदा मी दाराशी शिंकलो तर काकांनी मला बाहेर घालवलं आणि बाईंची भिंगातून तपासणी केली.

या सगळ्यात कुमुदकाकू होत्या. दोनेक वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढलेलं. मी गेलो की मला दूधवाला समजून म्हणायच्या, "उद्या अर्धा लिटर जास्त टाक रे." मी हो म्हणायचो आणि खरंच टाकायचो. काकांना त्या 'डॉक्टर' म्हणायच्या. काका डॉक्टरच असल्यामुळे त्यात काही बिघडलंय हे आम्हाला बरेच दिवस कळलंच नाही.

संक्रांतीनंतर काका बाईंबद्दल बोलेनासे झाले. परीक्षेआधी मुलं गप्प होतात तसं असेल, असं मी समजलो. प्रदर्शनाच्या सकाळी अंधारातच गाडी घेऊन गेलो. मीनल काकूंपाशी थांबली. काका दोन छोट्या कुंड्या घेऊन बाहेर आले आणि मागच्या सीटवरची मधली जागा रिकामीच ठेवून दार लावलं.

"बाई?"

"बाईंनी अर्ज मागे घेतला," काका म्हणाले. "चल."

वाटेत मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्यांनी मला लेन बदलायला सांगितलं. पदक एका रिटायर्ड शाळामास्तरच्या डायोनिशियाला गेलं. काकांनी ती भिंगातून सावकाश पाहिली, त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. ती बाईंच्या निम्मीसुद्धा नव्हती. काकांच्या सॅक्सिफ्राजला त्याच्या गटात पहिल्या नंबरचं लाल कार्ड मिळालं. ते त्यांनी न बघताच कोटाच्या खिशात टाकलं.

परतलो तेव्हा काकू जेवून झोपल्या होत्या. काकांनी मला कुंड्या घेऊन ग्रीनहाउसमध्ये जायला सांगितलं. मला एकट्याला, शिंकणाऱ्याला.

बाई मधल्या फळीवरच्या वाळूत होत्या. मधोमध कॉफीच्या रंगाचा चिखल, त्याला खड्डा पडलेला. कडेला तेवढी पिवळी फुलं टिकून होती. कुंडीच्या काठावर हळदकुंकू, खडीत उदबत्तीची जळकी काडी आणि शेजारी काकूंचा तांब्या.

काका मागे येऊन उभे राहिले.

"संक्रांतीपासून रोज सकाळी," ते म्हणाले. "तिला ती तुळस वाटते."

"अहो काका, मग कुलूप नाही का लावायचं?" माझा आवाज चढलाच. "नाहीतर दुसरं एखादं साधं झाड ठेवायचं होतं इथं."

"पुदिना ठेवला होता. तिनं बाजूला सरकवला. तिला असं गोल, भरलेलं लागतं." ते चष्मा काढून पुसायला लागले. "पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसली. ओरडणारच होतो, धावत दारापर्यंत आलो. तर ती पाणी घालून हात जोडून उभी. म्हणत होती, माझ्या मुकुंदाला सांभाळ गं. तिकडे परदेशात थंडी फार असते, तो एकटा आहे."

मी हातातल्या कुंड्या फळीच्या टोकाला टेकवल्या.

"दिवसभर मला विचारते, डॉक्टर, मला घरी कधी सोडणार? लग्न झाल्यापासून 'अहो' म्हणायची. माझं नाव कधी घेतलं नाही. आता इथं घेते रोज." त्यांनी चष्मा घातला. "मी दाराबाहेर उभा असतो. कुलूप कसं लावू?"

बाहेर पाऊस लागला होता. काचेवरून पाणी ओघळत होतं.

काकांनी बाईंची कुंडी दोन्ही हातांनी वाळूतून उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.

"तो सॅक्सिफ्राज दे."

"पहिला आलेला?"

"तोच. इथं वर, बाईंच्या जागी ठेव. तिला वाकता येत नाही."

मी कुंडी वाळूत बसवली. काका मागे सरकले, डोळे बारीक करून बघितलं, मग पुढे येऊन त्यांनी ती बोटभर फिरवली. भरलेली बाजू दाराकडे आली.