कीचेनमधल्या विहीणबाई

विहीणबाई दुपारच्या चहाला येणार हे ठरल्यापासून, चित्रकलेच्या निवृत्त मास्तरांना घरात कोणी तोंड उघडू देत नव्हतं. मागच्या खेपेला विहीणबाईंच्या खाली खुर्ची मोडली, तेव्हा त्यांना धीर द्यायला मास्तर म्हणाले होते, "मनाला लावून घेऊ नका, खुर्ची बिचारी तरी किती सहन करणार?" तेव्हापासून बाईंनी या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता, आणि सूनबाई सासऱ्यांशी कामापुरतंच बोलत होती.

"बाबा, आज फक्त 'या, बसा' एवढंच म्हणा हं," तिनं बजावलं.

"'बसा' कशाला? नुसतं 'या' पुरे," मास्तरांची बायको आतून म्हणाली.

तेव्हा मास्तरांनी न बोलताच समेट करायचं ठरवलं. नातीकडे आकसणारं प्लॅस्टिक होतं. त्यावर चित्र रंगवून कापायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं, की तळहाताएवढ्या चित्राचं छोटंसं टणक कीचेन होतं. विहीणबाईंना त्यांचंच चित्र भेट द्यायचं, की राग गेलाच म्हणून समजा!

"आजोबा, पाकिटावरच्या सूचना वाचू?"

"अजिबात नाही! सूचना वाचून केलेली कला म्हणजे कॉपी." वर्गातल्या कितीतरी पोरांना त्यांनी हेच शिकवलं होतं. पोरं पुढे दुसऱ्या विषयांकडे वळली, ती गोष्ट वेगळी.

चित्र सुरेख आलं, भाजून झकास आकसलंही. मग कडी अडकवायला भोकच नाही, हे लक्षात आलं.

"भोक भाजायच्या आधी पाडायचं असतं," नात पाकिटाआडून म्हणाली.

मास्तरांनी खिळा टेकवून हातोडी मारली. चित्राचे बरोब्बर मधोमध दोन तुकडे झाले.

"आई गं, आजोबांनी आजीचं नाक फोडलं!"

"बाबा!" बाहेरून सूनबाई किंचाळली.

उरलेल्या प्लॅस्टिकवर दुसरं चित्र निघालं. या वेळी भोक आधी पडलं. पण ओव्हनमध्ये जाताच विहीणबाई वाळक्या पानासारख्या वळायला लागल्या.

"थांबा आजोबा! ते आपोआप सपाट होतं, इथे लिहिलंय."

"त्या दारात येईपर्यंत थांबू?" म्हणत मास्तरांनी सांडशीनं चित्र बाहेर ओढलं आणि मऊ आहे तोवर वर-खाली धरून ताणलं. ते तसंच थिजलं. नेमकी तेव्हाच घंटा वाजली.

चित्रातल्या बाईंची मान सुरईसारखी झाली होती. हनुवटी एकच उरली होती. आणि कंबर होती! प्लॅस्टिक मात्र संपलं होतं. काही बोलायची बंदी असल्यानं मास्तरांनी मुकाट्यानं ते कीचेन विहीणबाईंच्या हातावर ठेवलं. सूनबाईनं डोळे मिटून घेतले.

विहीणबाईंनी ते जवळून पाहिलं, लांब धरून पाहिलं.

"बघ," त्या लेकीला म्हणाल्या, "लोक काहीबाही बोलतात. कलावंताच्या नजरेला खरं ते दिसतं." मग किल्ल्या त्यात अडकवून त्या ऐसपैस बसल्या. दुसऱ्या चहानंतर म्हणाल्या, "आता मी वरचेवर येत जाईन."

त्यांना पोचवून मास्तर विजयी मुद्रेनं आत आले. बायको कपबशा आपटत विसळत होती.

"एवढी वर्षं संसार केला. माझं काढलंत कधी असं?"

"अगं, तुझं तर केवढं मोठं चित्र केलंय! दिवाणखान्यात लावलंय की."

"तेच म्हणतेय मी. उद्या नवं प्लॅस्टिक आणा आणि माझं काढा." तिनं शेवटची बशी पालथी घातली. "आणि हुबेहूब काढलंत, तर याद राखा."