नागोरावकाकांचं नाक

नागोरावकाका वास घेतल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत. पूर्णेला रेल्वेत गँगमन म्हणून जन्म काढलेला हा आमचा शेजारी एकटाच राहतो. हॉटेलात चहा आला की आधी कपात नाक घालणार, डोळे मिटणार, मग निकाल देणार, "दूध सकाळचं हाय. चालंल." पंगतीत त्यांनी बासुंदी हुंगून बाजूला सारली की शेजारचे चार जण तरी वाटी खाली ठेवत. "माणसानं नाकावर भरोसा ठिवावा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

असा माणूस गेल्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी आडवा झाला. मी ज्या दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करतो, तिथंच त्यांना नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. "काई न्हाई."

रक्त मीच तपासलं. स्वादुपिंडातलं लायपेज नावाचं पाचकद्रव्य वाढलेलं निघालं. ते पिणाऱ्यांचं वाढतं, एवढंच मला पाठ. डॉक्टरांनी सहज विचारलं, "घेता का कधी?"

"घेतली व्हती जराशी," काका म्हणाले.

झालं! माझ्या पोटात कुठं काय राहतं? संध्याकाळी हॉटेलात सगळं सांगून मोकळा झालो. "नाक कशाचा वास काढायलंय ते आज कळलं!" लोक खो-खो हसले. मीही हसलो. आठवड्याभरात काकांकडं जाणाऱ्या शेजारच्या भाजीच्या वाट्या बंद झाल्या.

मग एकदा डॉक्टरच म्हणाले, "अरे, जुलाब-उलट्यांतही लायपेज थोडं वाढतं. त्यांचं दारूचं नव्हतं." घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "भाऊजी आजारी पडले त्याच्या आदल्या दिशी मी खीर दिल्ती की. शिळी व्हती जराशी, पर डबा चाटूनपुसून दिला त्यांनी." आईला दोन वर्षांपासून कसलाच वास येत नाही.

तसाच काकांकडं गेलो. "तुम्हाला वास आला नाही?"

"आला की. लय आला."

"मग?"

"वैनी समोर बसल्या व्हत्या. कशी झाली म्हून तोंडाकडं बघायल्या व्हत्या."

"आणि घेतली व्हती म्हणालात ते?"

"तू तिथंच हुबा व्हतास. खरं सांगितलं असतं तर त्यांची चूल बंद केली असतीस. त्यांना कळू देऊ नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात सगळ्यांसमोर सांगितलं, की लायपेज जुलाबानंही वाढतं, काका पीत नाहीत, चूक माझी. "तुला बी पाजली का काय त्यानं?" कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला. खिरीचं सांगितलं असतं तर तिथंच मिटलं असतं. कोपऱ्यात काका कपात नाक घालून बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघत नुसती मान हलवली, न्हाई.

मी खाली मान घालून चहा प्यायलो.